पांढरी कडी, काळी कडी

४ मे

धाकटी परत आल्याला महिना झाला. मनातलं मनात ठेवलं की माझं पोट बिघडतं, म्हणून आजपासून लिहिणार आहे. ही वही कोणी वाचायची नाही. वाचलीच तर वाचणाऱ्याने स्वतःच्या बहिणीबद्दल आपल्याला काय वाटतं ते आधी आठवून बघावं आणि मग मला नावं ठेवावीत.

आमच्याकडे मोर आहेत. अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची आणि बागवाल्यांना, हॉटेलवाल्यांना विकायची, हा अप्पांचा उद्योग आणि गेली तीस वर्षं माझाही. धाकटी वयात आल्या आल्या शहरात पळाली. तिथे कापडाच्या कारखान्यात रंगाच्या छटा जुळवायचं काम करायची. नवरा आधीच सुटला होता, यंदा कारखानाही बंद पडला, आणि बाईसाहेब दोन बॅगा घेऊन दारात. मी म्हटलं, ये. बहीण आहे, दुसरं म्हणणार काय?

आल्या दिवसापासून अप्पा तिचे झाले. सकाळी तिच्या दंडाला धरून फिरायला जातात. माझ्या दंडाला त्यांनी कधी हात लावल्याचं आठवत नाही. चहा तिनेच द्यायचा, तोही अर्धाच कप, आणि कप त्यांच्या हातात ठेवून वर त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसवायची. असले लाड मी तान्ह्या मुलांचेही पाहिले नाहीत. पेपरही तिनेच वाचून दाखवायचा. मी वाचते म्हटलं, तर म्हणाले, तू कशाला, तुला पिंजऱ्यांचं काम आहे. म्हणजे ती लेक आणि मी गडी.

७ मे

आज कड्या घालायच्या होत्या. त्याबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण डोकं अजून तापलेलं आहे.

आमच्या घरचा नियम असा आहे. पिल्लू अंड्यातून बाहेर पडलं की तिसऱ्या सकाळी ते अप्पांच्या हातात द्यायचं. अप्पा रंग सांगतात आणि मी त्या रंगाची प्लास्टिकची कडी पायात घालते. निळी, बदामी, पांढरी, काळी. अप्पांनी तोंड उघडेपर्यंत कोणी ब्र काढायचा नाही. साध्या निळ्या मोराचं पिल्लू तपकिरी असतं, ते रस्त्यावरचा माणूसही ओळखेल. बदामीचंही तसंच. खरी परीक्षा असते ती पांढरं आणि काळखांद्या यांच्यात. काळखांद्या म्हणजे ज्याच्या पंखावर नेहमीचे पट्टे नसतात, सगळा खांदा गर्द काळानिळा, तो मोर. मोठेपणी एक दुधासारखा पांढरा आणि दुसरा हा असा, पण पिल्लं दोघांची सारखीच पिवळी. फरक एवढाच, की काळखांद्याच्या पंखाच्या टोकाला चहा सांडून धुतल्यासारखी किंचित छटा असते. ती चुकली की गिऱ्हाईक पांढरा मोर म्हणून घेऊन जातं आणि सहा महिन्यांनी आमच्या नावाने शिमगा करतं. अप्पांच्या हातून ती कधी चुकली नाही.

तीस वर्षं मी त्यांच्यासमोर तोंड मिटून बसले. आणि ही आज शेजारी वेताचा मोडा ओढून बसली, पिल्लू उचललं आणि सुरूच झाली. बघा ना अप्पा, काय पिवळंधमक आहे, आणि पंखाला बाई चहाचा डाग पडलाय. अप्पा म्हणाले, काळखांद्या. दुसरं उचललं. हे अगदी कोरं करकरीत आहे हो, टोकापर्यंत. अप्पा म्हणाले, पांढरं. अकराच्या अकरा पिल्लांना तिची बडबड. मला वाटलं आता अप्पा तिला गप्प करतील. त्यांनी मान डोलवली. मी लहानपणी एकदा नुसतं "अय्या" म्हटलं होतं, तर महिनाभर मला खोलीत येऊ दिलं नव्हतं.

रंग सगळे बरोबर होते. तो मुद्दा नाही.

१२ मे

धाकटीने ओसरीपासून पिंजऱ्यांपर्यंत दोरी बांधली आहे. विचारलं तर म्हणते, कपडे वाळत घालायला. दोरी माझ्या कमरेएवढी. त्यावर चादर टाकली तर अर्धी मातीत लोळेल. वीस वर्षं शहरात राहून ही अक्कल आली. सोडायला गेले, तर अप्पा म्हणाले, राहू दे. मी मागच्या वर्षी फक्त दारातलं पायपुसणं बदललं, तेव्हा "मला विचारल्याशिवाय घरात काही हलवायचं नाही" असं ऐकवलं होतं.

तिच्या आधी मला असं कधी व्हायचं नाही. मी तशी शांत आहे. पण आता ती हसली तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि ती फार हसते.

१९ मे

आज धाकटी दाढ काढायला गेली होती. घर किती छान वाटलं. मी मुद्दाम आजच पिल्लं घेतली, तिसरी सकाळ उद्या होती तरी.

किती दिवसांनी आम्ही दोघंच बसलो. अप्पा ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, पूर्वीसारखे. मी एकेक पिल्लू देत गेले. त्यांनी खूप वेळ घेतला. पाठीवरून अंगठा फिरवायचे, कानाशी धरायचे, पुन्हा अंगठा. आधी एका नजरेत सांगायचे, पण आता वयही झालंच की. तपकिरी दोन मी हातात देताना सवयीने "साधीच दिसतायत" असं पुटपुटले, तर "साधी" म्हणाले. उरलेल्या चारांना म्हणाले, पांढरं. चारही.

मला त्या चारांच्या पंखाला चहा दिसला. स्पष्ट दिसला. खिडकीशी नेऊन बघितला, तरी दिसला. पण अप्पा म्हणाले पांढरं, म्हणजे मीच कुठेतरी चुकत असणार. गेले पंधरा दिवस डोक्यात जे चाललंय त्याने नजर गढूळ झाली असेल. चारांना पांढऱ्या कड्या घातल्या. अप्पा म्हणाले, "झालं ना नीट?" मी हो म्हटलं. आजचा दिवस माझा होता.

२० मे

चारही पिल्लांच्या पायात काळ्या कड्या.

दोनदा बघितलं. अप्पांनी पांढरं म्हटलेलं, मी माझ्या हाताने पांढरी घातलेली, आणि आता काळी. या घरात कड्यांचा डबा कुठे असतो ते तिघांनाच ठाऊक आहे. अप्पा एकटे पिंजऱ्यात जात नाहीत. उरली कोण?

बघा हिची हिंमत. अप्पांचा शब्द खोडायचा, आणि तोही गुपचूप, त्यांच्या पाठीमागे. काळी बरोबर असेलही. मलाही काळखांद्याच वाटली होती. पण अप्पांनी सांगितल्याशिवाय या घरात कडी पडत नाही. मी स्वतःचे डोळे बाजूला ठेवले की नाही? मग ही कोण लागून गेली?

सगळ्या काढून पांढऱ्या घातल्या.

२१ मे

परत काळ्या. परत पांढऱ्या केल्या.

२३ मे

परत काळ्या. जेवताना मी तिच्याकडे रोखून बघितलं. तिने मला भाजी वाढली. तिच्या चेहऱ्यावर काही नाही. जेवणानंतर मी जाऊन पुन्हा बदलल्या. पिल्लांना आता सवय झाली आहे, मला बघितलं की पाय पुढे करतात.

२६ मे

दुपारी ओसरीवर दोघं हसत होते. अप्पा हसत होते, आवाज काढून. मी गेले तसे दोघे थांबले, आणि अप्पा सावरून ताठ बसले, शर्टाचं बटण चाचपलं, तोंड बागेकडे केलं आणि म्हणाले, यंदा त्या जुन्या मोराचा पिसारा चांगला आलाय. मोर तिथे नव्हता, मागच्या पिंजऱ्यात होता. मी म्हटलं, हो, छान आलाय.

तिच्यासमोर पाय पसरून बसतात. मी आले की सावरून. मी काय परकी आहे? मी त्यांच्या औषधाच्या वेळा पाठ केल्या, त्यांच्यासाठी पन्नाशी ओलांडली, आणि पाय पसरायला ती.

मला तिचा हेवा वाटतो. लिहून टाकलं. आता निदान शब्द तरी शोधायला नको.

२९ मे

हॉटेलवाल्याचा फोन आला. रविवारी स्वतः येतोय. त्याला हॉटेलच्या हिरवळीसाठी चार पांढरी हवीत. आता बरं झालं. त्याच्यासमोर, अप्पांसमोर, पिल्लं आणणार आणि अप्पांनाच पुन्हा बघायला लावणार. अप्पा म्हणतील पांढरं. मग मी विचारणार, की यांच्या पायात काळी कडी घालतं कोण? परक्या माणसासमोर तिला मान खाली घालावी लागेल. अप्पांना कळेल, त्यांचा शब्द कोण पाळतं आणि कोण मोडतं. एवढं झालं की मी पुन्हा शांत होईन.

१ जून

सगळं जसं झालं तसं लिहिते.

हॉटेलवाला सकाळी आला. पांढरे बूट घालून पिंजऱ्यात शिरायला निघाला होता, त्याला ओसरीवर बसवलं. अप्पा खुर्चीत ताठ. धाकटी त्यांच्या शेजारी मोड्यावर, म्हणजे आपल्या जागी. मी १९ तारखेची सहाही पिल्लं एकाच टोपलीत भरून आणली, झाकण लावलं आणि तिला म्हटलं, आज तू एक अक्षर बोलायचं नाहीस. ती उठायला लागली. ताई, जरा आत ये, म्हणाली. मी म्हटलं, बस खाली.

मग मी टोपलीत हात घातला. बघितलं नाही. माझे डोळे तिच्यावर होते, तिच्या तोंडावरचा रंग कसा उडतो ते मला बघायचं होतं, आणि तो उडतही होता. हाताला लागलं ते पिल्लू मी अप्पांच्या ओंजळीत ठेवलं आणि म्हटलं, "सांगा अप्पा, पाहुण्यांसमोर सांगा. कोणता रंग?"

अप्पांनी अंगठा फिरवला. कानाशी धरलं. मग हळूच तोंड धाकटीच्या बाजूला वळवलं. ती जमिनीकडे बघत होती. मी गप्प बसवलं होतं ना तिला.

"पांढरं," अप्पा म्हणाले.

मी जिंकल्याच्या तोऱ्यात खाली बघितलं. त्यांच्या हातात साध्या निळ्याचं पिल्लू होतं. तपकिरी. पाठीवर गडद रेघा, मातीत बसलं तर सापडायचं नाही असं. ते त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं आणि त्यांचे डोळे उघडे होते.

हॉटेलवाला हसायला लागला. आजोबा, अहो हे तर, असं काहीतरी बोलणार होता. माझ्या तोंडून कसं निघालं ते मला माहीत नाही. मी म्हटलं, "पांढरंच आहे ते. आमच्याकडची जात आहे, लहानपणी अशीच दिसते. पिसं गळली की पांढरी येतात. तुम्हाला कळायचं नाही." इतक्या जोरात म्हटलं, की तो गप्पच झाला. मग धाकटी म्हणाली, हो, तसंच असतं. तीन माणसांनी सांगितल्यावर बिचारा काय करणार? पुढच्या आठवड्यात या म्हटलं. येईलसं वाटत नाही. जाताना दोनदा मागे वळून बघत होता.

मी अप्पांच्या हातातून पिल्लू घेतलं. त्यांनी विचारलं, "झालं ना नीट?" मी म्हटलं, हो अप्पा, झालं. आणि पिंजऱ्याकडे चालायला लागले. वाटेत हात दोरीला लागला. मग ती तशीच धरून पिंजऱ्यापर्यंत गेले. बरोबर हाताच्या उंचीला होती.

त्याच दिवशी, दुपारी

धाकटी मागोमाग पिंजऱ्यात आली. मी तिला विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, अप्पांच्या सांगण्याप्रमाणे दोनेक वर्षं दिसणं कमी कमी होत गेलं, आणि यंदा उजेड कुठून येतो तेवढंच कळतं. डॉक्टरकडे तिने नेलं होतं, फिरायला जातो सांगून. आता काही होण्यासारखं नाही म्हणाले.

"आणि तुला कधी कळलं?"

"आले त्या संध्याकाळी. त्यांनी मला मीठ दे म्हटलं आणि मीठ समोरच होतं."

त्या संध्याकाळी मीही तिथेच होते. मीच उठून मीठ त्यांच्या हातात दिलं होतं, आणि मला वाटलं होतं, वडील आहेत, मागणारच. दोन वर्षं मी त्यांना हातात देत आले आणि मला दिसलं नाही. हिला एका जेवणात दिसलं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? तिने सांगितलं, अप्पांनी शपथ घातली होती. मी म्हटलं, का पण? मी काय त्यांना घराबाहेर काढलं असतं?

ती कड्यांच्या डब्याशी चाळा करत म्हणाली, "ते म्हणाले, मोठी समोर असली की मला दिसतं. तेवढं राहू दे."

मला रडू आलं नाही. राग आला, कोणाचा ते ठरवता येईना. मी तिला म्हटलं, काळ्या कड्या दे इकडे. चारही पिल्लांना आम्ही दोघींनी मिळून काळ्या घातल्या. त्यांनी पाय पुढे केले.

५ जून

चार दिवस काही लिहिलं नाही. चार दिवस मी अप्पांशी बोलताना कसं बोलायचं तेच विसरले होते. मीठ त्यांच्या हातात द्यायचं की समोर ठेवायचं? दोन्ही खोटं वाटायचं. आणि इतकं कळूनही हेवा गेला नाही, उलट वाढला. आधी वाटायचं, तिला त्यांचे लाड मिळतात. आता कळलं, तिला ते स्वतः मिळालेत आणि मला त्यांचा ताठ कणा.

आज पुन्हा तिसऱ्या सकाळची पिल्लं होती. धाकटी मोड्यावर बसायला आली, तिला म्हटलं, आज तू चहाचं बघ. तिने माझ्याकडे बघितलं आणि गेली. पिल्लू हातात घेतलं, पण अप्पांना दिलं नाही.

"अप्पा," मी म्हटलं, "पांढरं आणि काळखांद्या हल्ली मला ओळखू येत नाहीत. कसं बघायचं ते परत एकदा सांगा."

अप्पांनी मान वर केली. हात गुडघ्यांवरच होते. मग म्हणाले, "तुला ओळखू येत नाही?"

"नाही."

"तुला?"

"हो अप्पा. मला."

मला वाटलं, आता उठून आत जातील. मग त्यांनी पाठ खुर्चीला टेकली. पाय पुढे सरकवले, आधी एक, मग दुसरा, आणि पसरले. "बरं," ते म्हणाले. "खिडकीकडे पाठ कर. उजेड तुझ्या खांद्यावरून येऊ दे, समोरून आला की सगळंच पांढरं दिसतं. पंख उघड. ओढू नकोस, सांध्याशी दाब, आपोआप उघडेल. मधलं बघू नकोस, मधलं फसवतं. टोक बघ. आणि एकदाच बघायचं. दुसऱ्यांदा बघितलं की आपल्याला जे हवं तेच दिसतं."

मी एकदाच बघितलं. काळखांद्या, म्हटलं.

"मग घाल काळी."

सात पिल्लं तशी झाली. मी रंग सांगायचा, त्यांनी घाल म्हणायचं. त्यांनी एकदाही पिल्लू मागितलं नाही. मध्येच म्हणाले, तुझ्या आईलाही मी असंच शिकवलं होतं, तिला कधी जमलं नाही. आईबद्दल ते माझ्याजवळ कधी बोलत नाहीत.

वळले तर धाकटी दारात उभी, चहाचा कप हातात, चहावर साय धरलेली. बराच वेळ उभी असणार. मला वाटलं खूश होईल, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं म्हणून. तिचे डोळे भरले होते.

"मला हे कधी सांगितलं नाही त्यांनी," ती हळू आवाजात म्हणाली. "लहानपणी मी खिडकीबाहेर उभी राहून ऐकायचे, तर मला हाकलायचे. आणि आता नुसतं विचारतात, काय दिसतंय. कसं बघायचं ते तुलाच."

मला वाईट वाटायला हवं होतं. खोटं कशाला लिहू? आधी बरं वाटलं, चांगलं पोटभर बरं वाटलं. इतकी वर्षं हिला माझं काहीतरी हवं होतं आणि मला पत्ताही नव्हता. कारखान्यात जाऊन रंगांचंच काम का धरलं असेल ते आत्ता लक्षात आलं. मग तिचा चेहरा नीट बघितला. महिनाभर मी आरशात तोच बघत होते.

टोपलीत एक उरलं होतं. पिवळं. मी तिच्या हातातला कप घेतला आणि पिल्लू तिच्या हातात दिलं. तिने पंख धरून ओढला.

"ओढू नकोस," अप्पा खुर्चीतून म्हणाले. पिल्लू ओरडलं होतं ना. "कोण आहे, धाकटी? इकडे ये. खिडकीकडे पाठ कर."

तिला म्हणाले. जरा लागलंच मला. पण पिल्लू मी परत घेतलं नाही.